जिप्सीची क्लच प्लेट दगडांत वारंवार जळते: नवी प्लेट टाकण्याआधी रेशो मोजा

तक्रार नेहमी एकाच छापाची असते. १३०० सीसीची मारुती जिप्सी, खाली ३१ इंची टायर, थोडी लिफ्ट (म्हणजे वाढवलेली उंची). डांबरी रस्त्यावर गाडी झकास पळते. ओढ्यातल्या दगडांत शिरली की फोर-लोमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वात हळू टप्प्यात) पहिला गियर टाकूनसुद्धा हवी तेवढी हळू चालत नाही. क्लच पूर्ण सोडला तर दगडावर धडकते, दाबला तर मागे घरंगळते. मग डावा पाय तासभर अर्ध्या क्लचवर राहतो, केबिनमध्ये जळका वास येतो आणि घरी परतताना चौथ्या गियरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही. प्लेट बदलली जाते. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच. कधी प्लेट डुप्लिकेट निघाली असं म्हणतात, कधी मेस्त्रीला दोष देतात, कधी जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणून बसवतात. त्या कडक प्रेशर प्लेटने पाय दुखायला लागतो आणि क्लच केबल लवकर तुटते, एवढाच फरक पडतो.

माझं म्हणणं सरळ आहे. या तक्रारीत प्लेट क्वचितच दोषी असते. गाडीला ज्या वेगाने चालायचं आहे तो वेग तिच्या गियरमध्येच नाही. तो फरक दर वेळी क्लच घासून भरून काढला जातो. म्हणून इलाज क्लचमध्ये शोधायचा नाही, ट्रान्सफर केसमध्ये शोधायचा, म्हणजे गियरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणाऱ्या, हाय आणि लो असे दोन टप्पे असलेल्या पेटीत. मात्र ट्रान्सफरला हात लावण्याआधी काही गोष्टी तपासून बाजूला काढायला हव्यात, नाहीतर मोठा खर्च करून वास तसाच राहील.

आधी हे बघून घ्या

क्लच केबलला मोकळीक आहे का? जिप्सीचा क्लच केबलवर चालतो. गियरबॉक्सच्या बाजूला रिलीज आर्म आहे, तो हाताने हलवून बघा. २ ते ४ मिमी मोकळा हलला पाहिजे. अजिबात हलत नसेल तर प्रेशर प्लेट कायम थोडी दाबलेली राहते आणि प्लेट सपाट रस्त्यावरही घसरते. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि पैसे लागत नाहीत, तरी गाडी उघडेपर्यंत कोणी बघत नाही.

बेल हाउसिंगच्या खालच्या बाजूला तेल ओघळलंय का? क्रँकचं मागचं सील किंवा गियरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल तर तेल प्लेटवर जातं. अशी प्लेट काढल्यावर काळी आणि तेलकट दिसते. अर्ध्या क्लचने जळलेली प्लेट वेगळी दिसते. ती कोरडी असते, तिचं अस्तर काचेसारखं चकचकीत झालेलं असतं, आणि समोरच्या फ्लायव्हीलवर निळसर-जांभळे ठिपके उमटलेले असतात. ते ठिपके म्हणजे धातू तिथे तापून कडक झालाय. नवी प्लेट त्याच फ्लायव्हीलवर बसवली तर क्लच सोडताना गाडी थरथरते. म्हणून प्लेट बदलताना फ्लायव्हील खराद्याकडे नेऊन फेस करून घ्या.

चढावर इंजिन बंद पडतं, पण कधी? क्लच दाबलेला असताना, गाडी तिरकी उभी असताना बंद पडत असेल तर तो पेट्रोलचा प्रश्न आहे. कार्ब्युरेटरवाल्या जिप्सीत तिरकस उभं राहिल्यावर फ्लोट चेंबरची पातळी बिघडते, इंजिन फ्लड होतं किंवा उपाशी राहतं. एमपीएफआय (इंजेक्शनवाल्या) गाडीत तिरकस झाल्यामुळे तसं होत नाही. तिथे आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि थ्रॉटल बॉडी साफ आहे का ते बघा. क्लच सोडून भार आल्यावरच बंद पडत असेल तर संशय गियरिंगवर घ्यायचा.

आणि गाडी अडते तेव्हा एखादं चाक हवेत फिरतंय का? तसं असेल तर ती ओपन डिफरन्शियलची गोष्ट आहे, तो पकड नसलेल्या चाकालाच फिरवत राहतो. गियर कितीही खाली आणला तरी हवेतलं चाक फक्त अधिक हळू फिरेल. तिथे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉकर लागतो, किंवा दगड बघून चाकं नीट ठेवायची सवय.

दहा मीटरची चाचणी

सपाट, कडक जमिनीवर टेपने दहा मीटर मोजा आणि खडूने दोन रेघा मारा. फोर-लो हा कडक जमिनीसाठी नाही, म्हणून पुढचे हब फ्री करून (पुढची चाकं ॲक्सलपासून सुटी करून) ठेवा आणि गाडी सरळ रेषेत चालवा. फोर-लोमध्ये पहिला गियर टाका, क्लच पूर्ण सोडा, पाय ॲक्सिलरेटरवरून काढा. पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की मोबाइलचं स्टॉपवॉच सुरू करा, दुसऱ्या रेघेवर बंद करा. एवढंच. हा आकडा सगळ्या चर्चेपेक्षा मोलाचा आहे.

तो कुठून येतो ते सांगतो. १३०० ची जिप्सी सुझुकीच्या एसजे ४१३ आणि सामुराईच्या कुळातली. सामुराईच्या पाचगियरी बॉक्सचा पहिला गियर ३.६५२, ट्रान्सफरचा लो २.२६८ आणि ॲक्सलमधला क्राउन-पिनियन ३.७२७. तिन्हींचा गुणाकार ३०.९. म्हणजे इंजिन जवळपास ३१ फेऱ्या मारतं तेव्हा चाक एक फेरी मारतं. यालाच क्रॉल रेशो म्हणतात.

आता इंजिन ८५० आरपीएमवर आयडल धरा. चाक मिनिटाला साडेसत्तावीस फेऱ्या मारणार. कंपनीचा २०५/७० आर१५ टायर सुमारे ६६८ मिमी व्यासाचा, त्याचा परीघ २.१ मीटर. वेग येतो ताशी साधारण ३.५ किमी. दहा मीटरला दहा-साडेदहा सेकंद. ३१ इंची टायर बसवला की व्यास ७८७ मिमी होतो, वेग ताशी ४.१ किमी, आणि दहा मीटर नऊ सेकंदांच्या आत संपतात.

ताशी ४ किमी म्हणजे सपाटीवर सावकाश चालणाऱ्या माणसाचा वेग. फूटभर उंचीचा दगड त्या वेगाने चढायचा म्हणजे धडक द्यायची. आणि टायर मोठा झाल्याने जमिनीवर मिळणारा जोरही सुमारे १५ टक्क्यांनी कमी पडतो. मोठ्या टायरने उंची दिली, पण वेग वाढवला आणि ओढ घटवली. इंजिनही लहान. सोळा व्हॉल्व्हच्या एमपीएफआय इंजिनाचा टॉर्क १०३ एनएम, तोही ४५०० आरपीएमवर. आयडलला त्यातला किती हाताशी राहतो ते दगडासमोर कळतं. डिझेल जीपवाले "आमची तर आपोआप चढते" म्हणतात त्यात तथ्य आहे. त्यांच्या इंजिनाला खालीच जोर असतो आणि जुन्या जीपांचे रेशोही खोल असायचे. विलीजच्या सीजे ३बीचा हिशोब केला, २.७९८ गुणिले २.४६ गुणिले ५.३८, तर ३७ येतात.

चाचणीत दहा मीटरला पंधरा सेकंदांहून कमी वेळ लागत असेल आणि तुम्हाला खऱ्या दगडांत जायचं असेल, तर डावा पाय अर्ध्या क्लचवर जाणारच. चालवणाऱ्याची सवय सुधारून हे सुटणार नाही.

गाडीत नक्की काय आहे ते मोजा

जुन्या जिप्सी अनेक हातांतून गेलेल्या असतात. मागच्या मालकाने काय काढून काय घातलं ते कागदावर नसतं. पुस्तकातला आकडा धरून गियर सेट मागवू नका.

पुढचे हब फ्री करा. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. मागचं एक चाक जॅकवर उचला आणि घोडी लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. गियरबॉक्स न्यूट्रल, ट्रान्सफर लोमध्ये. जिप्सीचा ट्रान्सफर गियरबॉक्सला चिकटलेला नाही. तो मागे स्वतंत्र, चेसीला रबर माउंटिंगवर टांगलेला आहे, आणि दोघांमध्ये एक आखूड शाफ्ट आहे. त्या आखूड शाफ्टवर खडूची एक रेघ मारा, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर दुसरी. मागचा शाफ्ट चार फेऱ्या फिरेपर्यंत आखूड शाफ्ट हाताने फिरवा आणि मोजा. नऊ फेऱ्या आल्या तर २.२६८. दहा आल्या तर आत एसजे ४१० चा २.५११ वाला लो आहे. साडेसोळाच्या पुढे गेल्या तर कोणीतरी आधीच ४.१६ चे गियर घातलेत आणि तुमचा शोध इथेच संपला.

क्राउन-पिनियनसाठी तेच उचललेलं चाक वीस फेऱ्या फिरवा. दुसरं चाक जमिनीवर स्थिर असल्याने क्राउन दहाच फेऱ्या मारतो. प्रोपेलर शाफ्टच्या सव्वासदतीस फेऱ्या आल्या तर ३.७२७, एकेचाळीस आल्या तर ४.१११. पुढच्या ॲक्सलचंही असंच मोजा. पुढे एक रेशो आणि मागे दुसरा असलेली गाडी फोरव्हील टाकताच स्वतःशीच भांडते, आणि जोडाजोड केलेल्या गाड्यांत हे आढळतं.

बदलायचं काय

तीन जागा आहेत: गियरबॉक्स, ट्रान्सफर, ॲक्सल. गियरबॉक्समध्ये पहिला गियर खाली आणायला फारसा वाव नाही. ॲक्सलमध्ये क्राउन-पिनियन बदलला तर हायवेवरही गाडी खाली येते, दोन्ही ॲक्सल उघडावे लागतात, आणि त्याच क्राउनसोबत पिनियन लहान झाला की दातही नाजूक होतात. फायदा तरी किती? ३.७२७ वरून ४.१११ म्हणजे दहा टक्के. त्यातून ३१ इंची टायरची तूटही भरत नाही.

ट्रान्सफर हीच योग्य जागा. सामुराईच्या ट्रान्सफरसाठी बाहेरच्या देशांत कितीतरी वर्षं रिडक्शन गियर सेट बनतात. लो ४.१६, ४.९ च्या आसपास आणि ६.४ च्या आसपास असे ते मिळतात. ४.१६ च्या सेटने क्रॉल रेशो ५६.६ होतो, ४.८९ ने ६६.६, ६.४ ने ८७. ३१ इंची टायरवर आयडलचा वेग अनुक्रमे ताशी २.२, १.९ आणि १.४५ किमी. दहा मीटरला १६, १९ आणि २५ सेकंद.

यात हायवेची भीती घालणारे भेटतील. ४.१६ च्या सेटमध्ये हायसुद्धा थोडा खाली येतो, १.४०९ चा साधारण १.५८ होतो, म्हणजे १२ टक्के. पण टायर १८ टक्के मोठा आहे ना. मूळ टायर आणि मूळ ट्रान्सफरवर पाचव्या गियरमध्ये ताशी ८० ला इंजिन साधारण २६५० वर असतं. ३१ इंची टायर आणि नव्या ट्रान्सफरवर साधारण २५२५ वर. मोठ्या टायरमुळे घाटात मेलेली गाडी उलट जागी होते. एकदा माणगावकडून ताम्हिणी चढून बघा, चौथा गियर टिकेल.

६.४ बद्दल माझं मत स्पष्ट आहे: आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तो नको. कागदावर मोठा आकडा छान दिसतो. पण पावसाळ्यात काळ्या बेसॉल्टवर शेवाळ धरलेलं असताना उतारावर गियर फार खोल असला तर चाक गाडीच्या उतरण्यापेक्षाही हळू फिरतं, टायर घसरतो आणि स्टिअरिंग हातात असून उपयोग राहत नाही. कोकणातल्या जांभ्यावर पकड मिळते, तिथे हे कमी जाणवतं. सह्याद्रीतल्या ओढ्यांत फार जाणवतं. चिखलात तर चाकाला वेग लागतो, तिथे तिसऱ्यापर्यंत जावं लागतं. ४.१६ ची एक गोष्ट मला विशेष आवडते. त्यात दुसऱ्या गियरचा एकूण रेशो ३०.२ येतो, जवळपास तुमचा जुना पहिला. म्हणजे हाताला सवय झालेली गाडी आहे तशी राहते आणि तिच्याखाली एक नवा गियर मिळतो. ३१ इंचापर्यंतच्या टायरला ४.१६ किंवा ४.९, आणि ६.४ फक्त ज्यांनी ॲक्सलही मजबूत केलेत त्यांना.

कारण जोर कुठेतरी जाणार. मूळ लोमध्ये इंजिनाचा पूर्ण टॉर्क ट्रान्सफरच्या बाहेर येताना सुमारे ८५० एनएम होतो, ४.१६ मध्ये सुमारे १५६५. क्लच, गियरबॉक्स आणि आखूड शाफ्ट या भारातून सुटतात, त्यांचं आयुष्य वाढतं. तो भार प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन आणि ॲक्सलवर जातो. सर्वात आधी बोलतात पुढच्या ॲक्सलचे बर्फील्ड जॉइंट (वळलेल्या चाकाला जोर पोहोचवणारे सांधे), आणि तेही स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं असताना ॲक्सिलरेटर दिला की. खोल गियर घातल्यावर पाय हलका झाला पाहिजे. त्या गियरचं कामच ते आहे.

बसवताना

पूर्ण फिटिंग इथे लिहीत नाही, ट्रान्सफर उघडणारा जाणकार मेस्त्री हवाच. पण समोर उभं राहून या गोष्टींवर लक्ष ठेवा.

शाफ्ट सोडण्याआधी प्रत्येक फ्लॅंजवर पंचने खूण करून घ्या, जोडताना त्याच जागी यायला हवा. स्पीडोमीटरची केबल आणि फोरव्हीलच्या दिव्याची वायर आधी काढा, नाहीतर खाली उतरवताना ओढली जाते. ट्रान्सफर दोघांनी उतरवावा.

उघडल्यावर जुने बेअरिंग "चांगले आहेत" म्हणून परत घालू देऊ नका. काउंटर शाफ्टचे नीडल बेअरिंग, थ्रस्ट वॉशर, सगळी सील आणि काउंटर शाफ्टच्या टोकाची ओ-रिंग नवी. ती ओ-रिंग एवढीशी असते आणि विसरली की तिथूनच तेल झिरपतं, मग लोक गॅस्केटला दोष देतात. थ्रस्ट वॉशरची खाचा असलेली बाजू गियरकडे. मोठ्या सेटला केसच्या आतली भिंत थोडी घासावी लागू शकते. कव्हर बंद करण्याआधी सगळे गियर हाताने पूर्ण फिरवून कुठे लागत नाहीत ना ते बघा आणि घासल्यावर केस रॉकेलने धुऊन हवा मारून घ्या. ॲल्युमिनियमचा चुरा आत राहिला तर नवे बेअरिंग खातो.

सिलेक्टर फोर्क, स्लीव्ह, डिटेंटच्या (टाकलेला टप्पा जागी धरणाऱ्या) गोळ्या आणि स्प्रिंग याच वेळी तपासा. नंतर फक्त त्यासाठी पुन्हा उतरवायला कोणाला हौस नसते. आणि रबर माउंटिंग नवे घाला, जुने कितीही बरे दिसले तरी.

टायरमुळे स्पीडोमीटर कमी दाखवतो, हे लक्षात असू द्या: काटा ६० वर असतो तेव्हा गाडी ७० ला असते. स्पीडोची केबल ट्रान्सफरच्या आउटपुटवरून निघते, त्यामुळे गियर सेटने त्यात बदल होत नाही. आणि टायर-लिफ्टच्या बाबतीत मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या, आरटीओच्या कागदापलीकडचे बदल त्यात अडकतात.

गियर घातले, आता लो सुटतो

वास गेला, गाडी मुंगीच्या पावलांनी चढते, आणि मग दुसऱ्याच महिन्यात फोन येतो: "दादा, उतारावर लो आपोआप न्यूट्रलला येतो." हे फार धोकादायक आहे. खडकाळ उतारावर इंजिनचा ब्रेक एका क्षणात जातो. पायाखाली ब्रेक तयार ठेवा, आणि दुरुस्त होईपर्यंत दगडांत गाडी नेऊ नका.

अशा वेळी लगेच गियर सेटला नावं ठेवून ट्रान्सफर उघडू नका. बहुतेकदा दोष बाहेर असतो. ओळखीतल्या एका जिप्सीचा ट्रान्सफर याच तक्रारीसाठी पुन्हा पुन्हा उतरवला गेला होता. मी मागच्या सीटवर बसून लिव्हरकडे बघत राहिलो. चढावर जोर आला की लिव्हर पुढे झुकायचा आणि फ्लोअरच्या भोकाच्या कडेला टेकायचा. गाडीला बॉडी लिफ्ट केलेली होती. बॉडी वर गेली, ट्रान्सफर चेसीवर तिथेच राहिला, त्यामुळे लिव्हर भोकात खाली आणि एका बाजूला आला होता. वरून रबरी बूट ताणून बसवलेला. तो ताण लिव्हरला सतत न्यूट्रलकडे ओढत होता. भोक त्या बाजूने वाढवलं, बूट सैल केला, लिव्हरला थोडा बाक दिला. ट्रान्सफरला पाना लावावा लागला नाही.

म्हणून पहिली तपासणी: बूट काढून टाका आणि लो टाका. लिव्हर आणखी दाबल्यावर पुढे जातोय का? जात असेल तर गियर पूर्ण बसतच नव्हता.

दुसरी, माउंटिंग. गाडी सपाटीवर, चाकांना दगड, ब्रेक घट्ट, कोणी गाडीसमोर किंवा मागे उभं नाही. फोर-लो पहिल्यात टाकून एकाने क्लच हलकेच सोडायचा, गाडी दबेपर्यंतच, आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून वाकून ट्रान्सफरकडे बघायचं. गाडीखाली शिरायचं नाही. मग रिव्हर्समध्ये तसंच. केस थोडी दबली तर ठीक. बोटभर उचलली जाऊन परत आपटत असेल तर रबर संपलेत किंवा कान तडकलाय. खोल गियरमध्ये ट्रान्सफर स्वतःच्याच जोराने फिरायला बघतो, आणि मूळ तीन रबरांवर त्याने तग धरणं अवघड आहे. इथे चेसीला धरणारा भक्कम क्रेडल (ट्रान्सफर पेलणारी चौकट) बनवून घेणं हा टिकाऊ इलाज. माउंटिंग दगडासारखे कडक घेऊ नका, मग सगळा हादरा ॲल्युमिनियमच्या कानांना बसतो.

या दोन्हींत काही सापडलं नाही तरच आत जा. आधी डिटेंटचे बोल्ट काढा, स्प्रिंग बाहेर घ्या, नव्या स्प्रिंगशेजारी ठेवून लांबी बघा. मग फोर्कची टोकं झिजलीत का, स्लीव्हचे दात टोकाकडे गोल झालेत का. चालत्या गाडीत लो ओढणाऱ्यांचे दात हमखास गोल होतात. या ट्रान्सफरच्या लोला सिंक्रोनायझर नाही, गाडी पूर्ण थांबवून क्लच दाबूनच टाकायचा. शेवटी आउटपुट शाफ्टचा पुढे-मागे खेळ आणि त्याचा नट.

उलटी तक्रारही येते: लो किंवा फोरव्हील निघतच नाही. त्यात बिघाड काहीच नसतो. या गाडीत मधला डिफरन्शियल नाही. पकड असलेल्या दगडांवर वळणं घेतली की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि तो पीळ शाफ्टांमध्ये साठतो. लिव्हरला लाथ मारून किंवा पाइप लावून ओढलं तर फोर्क वाकतो, आणि मग वरची "लो सुटतो" ही तक्रार खरोखर सुरू होते. गाडी सरळ रेषेत दोन-तीन मीटर रिव्हर्स घ्या, लिव्हर बोटाने निघेल. तरी निघाला नाही तर एक चाक जॅकने उचला, पीळ सुटताना चाक झटका देऊन फिरतं, तेव्हा हात लांब ठेवा.

पन्नास-साठच्या वेगाला थरथर सुरू झाली असेल तर गियरकडे नका बघू. आखूड शाफ्टचे क्रॉस, ट्रान्सफर तिरका बसलाय का आणि फ्लॅंजवरच्या खुणा जुळल्यात का ते बघा.

चालवण्यात बदल

दगडाच्या पायथ्याशी थांबा, फोर-लो पहिला टाका, क्लच सोडा आणि डावा पाय पेडलवरून काढून बाजूला ठेवा. चढताना लागलाच तर हलका ॲक्सिलरेटर. उतरताना फक्त ब्रेक, तोही गियरमध्येच. चढावर इंजिन बंद पडलं तर जुन्या सवयीने क्लच दाबू नका, गाडी मागे जाईल. गियरमध्येच सेल्फ मारा. पन्नासच्या पुढच्या रेशोवर चांगली बॅटरी असेल तर सेल्फच गाडीला इंचभर पुढे ढकलतो आणि इंजिन सुरू होतं. हे आधी सपाटीवर करून बघा, सेल्फ लांबवू नका.

गाडी कुठे न्यायची याचाही विचार करा. पाण्याने भरलेल्या ओढ्यात ॲक्सलचे ब्रीदर (हवा जाण्या-येण्याच्या वाटा) वर काढलेले नसतील तर डिफरन्शियलमध्ये पाणी जातं. किल्ल्यांचे उतार, कासची पठारं, अभयारण्यं यांच्या वाटेला जाऊ नका. गावाच्या ओढ्यात शिरायचं तर आधी गावात विचारा. खाली कोणीतरी तेच पाणी भरत असतं.

पहिले काही शे किलोमीटर लो मध्ये पूर्ण जोर देऊ नका, मग ट्रान्सफरचं तेल काढा, पाऊण लिटरच्या आसपासच लागतं. लेव्हल प्लगच्या भोकातून ओघळेपर्यंत नवं भरा. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात धरा. राखाडी, चिखलासारखी बारीक पूड दिसली तर नवे दात एकमेकांत बसताना ती येतेच. नखावर टोचतील असे चमकते कण दिसले तर गाडी थांबवा आणि केस उघडा. बेअरिंग किंवा थ्रस्ट वॉशर चुकीचा बसलाय. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, सील आणि ब्रीदर बघा, आणि तेल पुन्हा बदला.